वन्संची सैल पाकिटं

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण, बत्तीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये होत्या. चादरी, टॉवेल, बँडेजं, कात्र्या, चिमटे, रबरी नळ्या, गरम पाण्याच्या पिशव्या, सगळं त्यांच्या ताब्यात. त्या खात्याचा कायदा एकच होता: उघडं राहिलं ते वापरलेलं. निर्जंतुक केलेल्या डब्याचं झाकण बोटभर जरी उघडं दिसलं, तरी आतला माल जसाच्या तसा परत वाफेला. कोणी उघडलं, कशाला उघडलं, असल्या चौकशा करत बसायचं नाही. वन्संनी हा कायदा इतका मनावर घेतला की तो त्यांच्याबरोबर घरी आला आणि निवृत्तीनंतरही तिथेच राहिला. डबा, दार, खण, पेनाचं टोपण, टूथपेस्टचं बूच, जे जे बंद होऊ शकतं ते त्या बंद करतात, आणि बंद झाल्याचा आवाज कानावर आल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. हॉस्पिटलात त्यांना मागून 'कडी' म्हणत. आमच्या घरातल्या मुलांनी ते उचललं आणि त्या कडीआत्या झाल्या. त्यांना ठाऊक आहे. "कडीच म्हणतात ना," त्या म्हणाल्या होत्या, "भोंगा तर म्हणत नाहीत." भोंगा ही त्यांची हॉस्पिटलातली वरिष्ठ.

लग्न केलं नाही. मी एकदा कारण विचारलं होतं. माझं लग्न नुकतंच झालेलं, त्यामुळे असले प्रश्न विचारायची हौस होती. म्हणाल्या, "वहिनी, मला बघायला आलेल्यांपैकी एकालाही ओला टॉवेल कुठे वाळत टाकायचा हे माहीत नव्हतं." पुढे मी विचारलं नाही. आम्ही दोघी पहिल्यापासून एकमेकींना अहो-जाहो करतो. पन्नास वर्षं अहो-जाहो करूनच भांडलो, त्यामुळे आम्ही भांडतो आहोत हे पुष्कळदा बाजूच्या माणसाला कळतसुद्धा नाही.

त्या एकट्या राहतात. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वतःच्या पगारातून घेतलेल्या. एक झोपायची, एक बाकी सगळ्याची. खिडकीशी टेबल, टेबलाशी एकच खुर्ची, पाहुण्याला दुसरी खुर्ची आतून आणावी लागते. माझं घर तिथून बसने वीस मिनिटांवर. माझे यजमान गेल्यापासून मी मुलाकडे राहते, किंवा मुलगा माझ्याकडे राहतो. यावरही एकमत नाही.

तीन वर्षांपूर्वी वन्संना आठवडाभर जबर ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. कांदा कापला तरी नाही, साबण नाही, जळलेलं दूध नाही. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, नाही येणार कदाचित. असं उत्तर द्यायला डॉक्टर कशाला लागतो, मला समजलं नाही. लोकांना वाटतं, वास गेला म्हणजे फुलांची मजा गेली. फुलांचं सोडा. एकट्या राहणाऱ्या बाईचं नाक म्हणजे तिच्या घरातलं दुसरं माणूस. दूध नासलंय, भाजी आंबलीय, गॅस चालू राहिलाय, हे तिला दुसरं कोण सांगणार? वन्संनी गॅसची शेगडी काढून विजेची आणली. दूध रोजच्या रोज आणायला लागल्या. प्रश्न राहिला शिजवलेल्या अन्नाचा. एका माणसासाठी वाटीभर घेवडा कोणी शिजवत नाही. त्या आठवड्यातून दोनदा भरपूर शिजवत आणि ठेवून खात. आता ठेवलेलं चांगलं आहे की नाही, ते कसं ओळखणार?

त्यावर त्यांनी जो तोडगा काढला, तो मला आजही हुशारीचा वाटतो. हवा काढून पाकीट बंद करणारं एक यंत्र घेतलं. मोठ्या फूटपट्टीएवढं लांब, चपट्या पेटीसारखं, पांढरं. प्लास्टिकच्या पिशवीत अन्न भरायचं, पिशवीचं तोंड यंत्राच्या कडेवर ठेवायचं, झाकण खाली आणून दोन्ही टोकांना दाबायचं, टक्, टक्. मग यंत्र गुरगुरत पिशवीतली हवा ओढून घेतं आणि शेवटी एक तापलेली पट्टी तोंड वितळवून चिकटवून टाकते. नीट झालं तर प्लास्टिक अन्नाला असं बिलगतं की बाहेरून घेवड्याचा दाणान् दाणा मोजावा. पाकीट घट्ट असेल तर खायचं, सैल पडलं तर टाकायचं. नाकाचं काम त्यांनी अंगठ्याकडे सोपवलं. प्रत्येक पाकिटावर तारखेची चिठ्ठी, दोन पाकिटं खाली फ्रीजमध्ये, बाकीची वर बर्फात, आणि कुठलं कधी भरलं, कधी खाल्लं, याची वही. पाच महिने हे राज्य सुरळीत चाललं.

मग पाकिटं सैल पडायला लागली.

पहिल्या वेळी वन्संच्या लक्षात आलं नाही. पाच महिन्यांच्या सवयीने त्या चिठ्ठीवर विसंबल्या, अंगठा लावला नाही, आणि खाल्लं. दोन दिवस हॉस्पिटलात सलाइन लावून पडून होत्या, तेही आपल्याच जुन्या हॉस्पिटलात. मी भेटायला गेले तर म्हणाल्या, "चादरी बघितल्यात? कडा शिवलेल्या नाहीत." मी म्हटलं, ठीक आहे, बाई जगते.

घरी आल्यावर त्या रोज बघायला लागल्या, तर रात्री घट्ट असलेलं पाकीट सकाळी पोट सुटल्यासारखं. सगळी नाहीत. काही. त्यांनी यंत्र कोपऱ्यावरच्या मिक्सरवाल्याकडे दिलं. हा माणूस मिक्सर, इस्त्र्या, पंखे दुरुस्त करतो, आणि कमी बोलतो म्हणून वन्संना तो पसंत आहे. त्याने तीन दिवस ठेवून घेतलं, दहा पिशव्या लावून बघितल्या, दहाच्या दहा घट्ट. यंत्र ठणठणीत, म्हणाला. घरी आणलं. दोन दिवसांनी पुन्हा सैल. पुन्हा दुकानात. पुन्हा ठणठणीत.

इथे माझा मुलगा मध्ये आला. माझा मुलगा चांगला आहे, हीच पंचाईत आहे, कारण चांगल्या माणसाशी भांडता येत नाही. त्याने आत्याला समोर बसवून शांतपणे सांगितलं, "आत्या, मशीन दुकानात चालतं आणि तुझ्याकडे चालत नाही. मग बिघाड कुठे आहे, तूच सांग. वय होतं माणसाचं. एखादी पायरी राहून जात असेल, लक्षात येत नसेल. वास येत नाही, त्यात हे. पुढच्या वेळी सलाइनवर भागलं नाही तर? आमच्याकडे चल. खोली आहे."

वन्सं चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या विचारात पडल्या. आयुष्यभर पुराव्यावर चाललेली बाई, आणि पुरावा विरुद्ध जात होता. त्यांनी त्याला शब्द दिला: येत्या रविवारपर्यंत कारण सापडलं नाही तर खोल्या सोडून मी तुझ्याकडे येते.

बुधवारी मला फोनवर हे सांगितलं, एखाद्या खुर्चीची ऑर्डर रद्द केल्यासारखं. मग जरा थांबून म्हणाल्या, "वहिनी, खरं सांगा. मी विसरते का?"

पन्नास वर्षांत त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. सांगितलं होतं, सुनावलं होतं. विचारलं नव्हतं.

"मला काय माहीत," मी म्हटलं. "उद्या येते आणि बघते."

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. त्या माझ्या घरात आलेल्या मला नको होत्या. मला खिडक्या उघड्या लागतात, पुस्तकं पालथी पडलेली चालतात, मुरंब्याच्या बरणीवर झाकण नुसतं टेकवलेलं असतं. आम्ही दोघी एका घरात महिनाभर टिकलो नसतो. त्यांनाही यायचं नव्हतं. तेव्हा गुरुवारी सकाळी मी चार दिवसांचे कपडे घेऊन निघाले, त्यात नणंदेचं प्रेम किती आणि स्वार्थ किती, याची वाटणी मला करता येत नाही.

आधी आम्ही दुकानात तिसऱ्यांदा दिलेलं यंत्र आणायला गेलो. ते मिक्सरवाल्याच्या टेबलावर आ वासून पडलं होतं आणि त्याच्या जबड्यात एक स्क्रूड्रायव्हर होता. मी तो काढून बाजूला ठेवला.

"तीन दिवस असंच उघडं?" वन्संनी विचारलं.

"रोज बघत होतो ना मावशी. सारखं कोण उघडझाप करणार," तो म्हणाला. "मशीनला काही झालेलं नाही. मी तिसऱ्यांदा बघितलं. आता कसं असतं, वापरणाऱ्याच्या हाताचं पण असतं थोडं."

"यांच्या हाताने बत्तीस वर्षं हॉस्पिटल चाललंय," मी म्हटलं.

"चालवलं नाही, वहिनी. स्टोअर सांभाळलं," वन्सं म्हणाल्या. "पिशवीत घाला ते."

घरी आल्यावर मी हुकूम सोडला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. पदार्थविज्ञानाची पदवी मी उगीच घेतलेली नाही. आधी रिकामी पिशवी. यंत्र गुरगुरलं, पिशवी कागदासारखी चपटी झाली. मग घेवडा भरून. उत्तम. मग मुद्दाम तोंड ओलं ठेवून. सांधा कच्चा आला, मधे दुधट डाग दिसला, नखाने उचकटला. मग तोंडाला सुरकुती ठेवून. सुरकुतीतून हवा आत. म्हणजे अशा चुका केल्या तर पाकीट सैल पडतं, एवढं नक्की झालं. आता वन्सं त्या करतात का, ते बघायचं. मी म्हटलं, मी खुर्चीत बसते, तुम्ही रोजच्यासारखं करा, मी तोंडातून शब्द काढणार नाही.

"तेवढं जमेल?" वन्सं म्हणाल्या.

जमवलं. त्यांनी पिशवी रेघ मारून सरळ कापली. तोंडाची कड कॉलरसारखी बाहेर दुमडली, म्हणजे भरताना तिथे अन्न लागू नये. वाफ गेलेला गार घेवडा डावाने आत सोडला. कड परत सरळ केली, आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसली. दोन्ही हातांनी ताणून सुरकुती काढली. बंद केलं. एक पाकीट झाल्यावर पट्टी निवावी म्हणून घड्याळात बघून अर्धा मिनिट थांबल्या. सहाच्या सहा पाकिटं त्यांनी अशी केली, एकाही ठिकाणी हात चुकला नाही, आणि मला दोष काढायला जागा न मिळाल्यामुळे मी चिडून गेले.

"विसरत नाही तुम्ही काही," मी म्हटलं.

"मग?"

"मग मला माहीत नाही."

मी बादलीत पाणी घेऊन एकेक पाकीट बुडवून दाबलं. कुठूनही बुडबुडा आला नाही. वन्संनी सहाही पुसून तारखा लावल्या आणि फ्रीजमध्ये ठेवली. मग यंत्र पुसलं. आतल्या पन्हळीत एखादा थेंब राहतो, तो कापसाने टिपला. झाकण खाली आणलं, दोन्ही टोकांना दाबलं. टक्. टक्. आवाज ऐकला, यंत्र कपाटात ठेवलं, कपाट लावलं. मी चार हातांवर होते. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. पदवीधर बाई, बघितलं, आणि चहाचा कप घेऊन बसले.

शुक्रवारी सकाळी ती सहाही पाकिटं घट्ट होती. वन्संचा चेहरा खुलला नाही. त्यांनी वही पुढे केली. "दुकानातून आणलं की पहिल्या दिवशी असंच होतं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवसापासून बिघडतं. हे बघा. आणि हे."

वहीत खरोखरच तसं होतं. दोन्ही वेळा. माझ्या मुलाला ही वही दाखवली होती का, मी विचारलं. म्हणाल्या, दाखवली, तो म्हणाला की पहिल्या दिवशी आत्या तू जरा जास्त काळजी घेत असशील.

आम्ही गाजर-बटाट्याची भाजी भरायला घेतली. पिशवी तीच, हात तेच, यंत्र तेच. झाकण लावलं. गुर्र झालं, आणि गुर्रच होत राहिलं. हवा थोडी गेली, मग जाईना. वन्संनी सवयीने दोन्ही तळव्यांनी झाकण दाबून धरलं, तेव्हा कुठे कसंबसं ओढलं आणि सांधा मारला.

"हे रोज असं दाबता?"

"दाबावं लागतं. म्हातारं झालंय, असं वाटलं मला."

"सहा महिन्यांचं यंत्र म्हातारं?"

"मग माझंच काहीतरी, असं वाटलं," वन्सं म्हणाल्या.

पाकीट दिसायला घट्ट होतं. पाण्यात बुडवलं, बुडबुडा नाही. मी ते हातात घेऊन बसले. बुडबुडा नाही, म्हणजे बाहेरून आत काही शिरत नाही. सांधा पक्का आहे. तरी उद्या हे सैल पडणार. म्हणजे हवा आतच राहिली आहे. भाजीच्या फटीफटींत दडून बसली आहे, रात्रभरात एके ठिकाणी गोळा होईल आणि सकाळी पोट सुटेल. पंप तर जोरात गुरगुरतोय. मग हवा ओढत असताना बाजूने नवी शिरत असणार. झाकण नीट बसत नाही.

मी झाकण उघडलं. पन्हळीच्या भोवती काळी पट्टी असते, स्पंजासारखी मऊ, एक खाली, एक झाकणात. तिच्यावरच झाकण टेकतं. काल दुकानात स्क्रूड्रायव्हर काढताना माझं बोट तिला लागलं होतं, तेव्हा ती फुगीर होती. आज बोट फिरवलं तर चपटी, आणि मधोमध लांबलचक खळगा. एका रात्रीत.

आणि तेव्हा माझी नजर भिंतीवर गेली. वन्संच्या ओट्याच्या वर एक खिळा आहे, त्याला कुकरची रबरी रिंग टांगलेली असते. कुकर खाली, झाकण बाजूला, रिंग खिळ्याला.

"वन्सं, ती रिंग तिथे का टांगता?"

"मग कुठे ठेवू?"

"झाकणात. असते तिथे."

"झाकणात दाबून राहते, चपटी होते. मग वाफ सोडते. वहिनी, तुम्हाला इतकं साधं..."

वाक्य तिथेच राहिलं. वन्संनी रिंगकडे बघितलं, मग यंत्राकडे. मग त्या टेबलाजवळच्या खुर्चीत बसल्या.

"स्टोअरमध्ये पाटी होती," त्या म्हणाल्या. "रबर दाबून ठेवू नये. माझ्या अक्षरात होती. गरम पाण्याच्या पिशव्यासुद्धा आम्ही थोडी हवा भरून ठेवायचो. एका नर्सने घडी करून ठेवल्या म्हणून मी तिला भर वॉर्डात बोलले होते. रडली ती."

"दुकानात उघडी राहून ही पट्टी फुगते, आणि घरी रोज रात्री तुम्ही ती करकचून बंद करून ठेवता."

"उघडं कसं ठेवणार?" त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच प्रश्न होता. बत्तीस वर्षं दोन्ही कायदे त्यांनी पाळले होते, वेगवेगळ्या फळ्यांवर. या एका यंत्रात दोन्ही समोरासमोर आले, आणि हात आपोआप जुन्याकडे गेला.

"म्हणजे चूक माझीच."

"तुमचीच," मी म्हटलं. उगीच गोड बोलायचं मला जमत नाही. "पण विसराळू बाईच्या हातून ही चूक झालीच नसती. तिने एखाद्या रात्री तरी झाकण उघडं टाकलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी पाकीट घट्ट आलं असतं. एकही रात्र न विसरणाऱ्या बाईची चूक आहे ही."

वन्संनी यावर थोडा विचार केला. "हे त्याला असंच सांगाल?"

"सांगेन. पण त्याला सांगून भागणार नाही. दाखवावं लागेल."

ते पाकीट सैल पडायच्या आत आम्ही दुपारीच फोडून खाल्लं. यंत्र टेबलावर उघडं ठेवलं. मिक्सरवाल्याला फोन केला, तो म्हणाला, नव्या पट्ट्या मागवतो, आठवडा लागेल, तोपर्यंत उघडं ठेवा, येईल वर. मी म्हटलं, हे तुम्हाला माहीत होतं तर सांगितलं का नाही? तो म्हणाला, "मावशींनी विचारलं नाही, कसं ठेवू." त्याचं कमी बोलणं मला तेव्हापासून पसंत नाही.

तो दिवस वन्संना फार जड गेला. टेबलाजवळून जाताना हात झाकणाकडे जाई. मी खाकरत असे. चौथ्यांदा खाकरल्यावर त्या म्हणाल्या, "वहिनी, घशाला काही घ्या." संध्याकाळी त्यांनी खुर्ची उलटी फिरवली आणि यंत्राकडे पाठ करून बसल्या.

शनिवारी सकाळी पट्टी बरीच वर आली होती, खळगा बोटाला जेमतेम लागत होता. यंत्राने दाबून न धरता हवा ओढली. वन्संनी पाच पाकिटं भरली. त्यांना खाली दूधवाल्याकडे जायचं होतं, म्हणून सहावं मी भरलं. रात्री सगळी फ्रीजमध्ये.

रविवारी अकरा वाजता मुलगा आला. येताना फळं आणली आणि खोकीही आणली, घडी केलेली, जिन्यात ठेवली. मला वाटतं आत्याला दिसू नयेत म्हणून. वन्सं दार उघडायला गेल्या होत्या, त्यांनी बघितली. हात एकदा पदराला पुसले, कोरडेच असताना.

मी त्याला सगळं सांगितलं, चपट्या पट्टीवरून त्याचं बोट फिरवायला लावलं, वहीतल्या तारखा दुकानातून आणलेल्या दिवसांशी जुळवून दाखवल्या. तो पूल बांधणाऱ्या कंपनीत आहे, पुलाखाली रबराच्या गाद्या बसवतात, तेव्हा रबराचं त्याला कळतं. मान हलवत होता. पण मान हलवणं वेगळं.

"कारण सापडलं, मान्य आहे," तो म्हणाला. "पण आई, उद्या दुसरं काहीतरी बिघडेल. तेव्हा आत्याला कळणार कसं? तिला वास येत नाही हे तर खरंच आहे ना?"

वन्संनी फ्रीज उघडला आणि सहाही पाकिटं टेबलावर मांडली. "बघ," त्या म्हणाल्या.

त्याने एकेक उचललं, दाबलं, उलटंपालटं केलं. बारकाईने बघितलं, त्याला दोष देत नाही. "सगळी घट्ट आहेत. सहाच्या सहा."

वन्संनी त्याच्यामागून सुरुवात केली. प्रत्येक पाकिटावरून अंगठा फिरवला, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, सावकाश. चौथ्यावर अंगठा थांबला, मागे गेला, पुन्हा पुढे आला.

"हे नाही," त्या म्हणाल्या.

"घट्टच आहे, आत्या."

"उद्या सकाळी सैल पडेल. आजच खाऊन टाकायचं."

मुलाने ते परत घेतलं, कानाशी हलवलं, उजेडात धरलं. त्याला काही सापडलं नाही. मी बादलीत पाणी आणलं. पाकीट बुडवून दाबलं, आणि कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. नीट बघितलं तर सांध्यात घेवड्याचं एक साल अडकलेलं, केसाएवढं.

मुलगा बुडबुड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हे तू भरलंस?"

"नाही," वन्सं म्हणाल्या, आणि पुढे एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचा हा मोठेपणा मी मान्य करते, कारण त्यांच्या जागी मी नक्की बोलले असते.

"मी भरलं," मी म्हटलं. "तोंड पुसायचं राहिलं असेल. घाईत होते."

माझ्या मुलाने माझ्याकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, आणि हसायला लागला. "मग आता खोकी आईसाठी वापरायची का?"

"त्यांना तुझ्याकडेच राहू दे," वन्सं म्हणाल्या. "मला झेपणार नाहीत. झाकणं उघडी टाकतात."

तो हसता हसता थांबला. खुर्चीत बसला, आतून मी माझ्यासाठी आणलेल्या दुसऱ्या खुर्चीत, आणि जरा वेळाने म्हणाला, "आत्या, मी तुला म्हटलं ते चुकलं. खोल्या सोडायचं काही कारण नाही. राहा तू इथेच."

"कारण सापडलं, माझा शब्द सुटला," वन्सं म्हणाल्या. पाकिटं पुसून परत आत ठेवत होत्या, त्यामुळे चेहरा दिसला नाही. "पण तू म्हणतोस तेही खोटं नाही. पाकिटाचं मला कळेल. न भरलेल्याचं काय? लोणी आहे, दही आहे, फडकी आहेत, मोरी आहे. माझ्या घराला वास येत असला तर मला कोण सांगणार? शेजारीण लाजते, ती नाही सांगणार."

"मग?"

"दर रविवारी येऊन सगळं घर हुंगून जात जा. पाच मिनिटांचं काम आहे. मग जेवायचं."

तो कबूल झाला. त्या दिवशी दुपारी माझं पाकीट आम्ही तिघांनी फोडून खाल्लं, आणि खोकी त्याने जाताना गाडीत टाकली.

याला आता दोन वर्षं होतील. नव्या पट्ट्या आल्या, यंत्र टेबलावर अर्धवट उघडं असतं आणि वन्सं त्याच्यावर फडकं टाकतात, म्हणजे डोळ्यांना त्रास नको. मुलगा रविवारी येतो, फ्रीज, मोरी, कपाट, फडकी, क्रमाने हुंगतो. वन्सं मागून वही घेऊन चालतात आणि त्याने सांगितलेलं लिहून घेतात. 'मोरी: ठीक. दही: आंबट, पण चालेल.' कधीकधी मीही जाते, पण माझं नाक त्यांना मंजूर नाही. मी घाई करते म्हणतात.

मागच्या रविवारी त्याला सर्दी झाली होती, डोळे लाल, हातात रुमाल. वन्संनी दारातच त्याच्याकडे बघितलं, वही मिटली आणि म्हणाल्या, "आज तुझा काही उपयोग नाही. ये, जेवून जा."